दिसेलच याची गॅरंटी नाही

सहली काढणाऱ्याला लोक जे प्रश्न विचारतात, त्यांतला एकच प्रश्न कायद्यानं बंद करायची मुभा मिळाली, तर मी ‘गॅरंटी आहे ना?’ हा बंद करीन. जेवण शाकाहारी मिळेल का, खोली कितव्या मजल्यावर, बसमध्ये पुढची जागा कुणाला, या सगळ्याची उत्तरं माझ्याकडे असतात आणि ती मी लेखी देते. पण काश्मीरला बर्फ पडेल याची गॅरंटी, जंगलात वाघ दिसेल याची गॅरंटी मी कुठून आणू? दुधनीचे एक आडत व्यापारी दार्जिलिंगला पहाटे दाट ढगात उभे राहून माझ्याशी भांडले होते. त्यांचं म्हणणं, पत्रकात सूर्योदय छापलाय. मी म्हटलं, सूर्योदय झालाय, तुम्हाला दिसला नाही एवढंच. तेव्हापासून ते माझ्याशी नीट बोलत नाहीत. सहलीला मात्र येतात.

सोलापुरात घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस थाटून मी गेली बावीस वर्षं हा व्यवसाय करते. मोठ्या कंपन्या चाळीस-चाळीस माणसं नेतात. मी सहा-आठच्या वर जात नाही. चाळीस जणांत कोण रुसलंय हे कळायला दोन दिवस लागतात. सहा जणांत ते पहिल्या नाश्त्यालाच कळतं आणि इलाज करता येतो. शिवाय निघायच्या आदल्या दिवशी मी लटकता वजनकाटा घेऊन प्रत्येकाच्या घरी जाते आणि बॅगा स्वतः जोखते. विमानतळावर बॅग उघडून लोणच्याच्या बरण्या बाहेर काढत बसणं मला जमत नाही. लोक हसतात. हसू देत.

नॉर्वेच्या सहलीचं डोक्यात आलं ते पद्मावहिनींमुळे.

पद्मावहिनी आणि त्यांचे यजमान नरसय्या अण्णा यांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींचा कारखाना आहे. खाली माग, वर राहतं घर. लग्न झाल्यापासून त्या त्या खडखडाटातच राहिल्या. एके दिवशी ऑफिसात येऊन त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. आकाशात हिरवा उजेड पडद्यासारखा हलत होता.

“हे खरं असतं का हो, मॅडम?”

मी म्हटलं, खरं असतं. सूर्याकडून कण येतात, ध्रुवाजवळच्या हवेवर आदळतात आणि असा उजेड पडतो. नॉर्दर्न लाइट्स म्हणतात.

“एवढं मोठं हलतंय आणि आवाज नाही म्हणे.”

“नसतो.”

“मला ते बघायचंय,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडं एक माग बंद पडला तरी झोपेतून दचकून उठतात हे. आवाज थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं, एवढंच आम्हाला माहिती. न बिघडता गप्प राहून हलणारं काहीतरी एकदा बघायचंय. लग्नाला एकतीस वर्षं झाली, कधी काही मागितलं नाही. तिरुपतीला सुद्धा सकाळी दर्शन आणि रात्री परत.”

अण्णांना तयार करायला त्यांना सव्वा वर्ष लागलं. तोपर्यंत मी माणसं जमवली. एक माढ्याचे भागवत नाना, उसाचे बागायतदार, एकटेच. उरलेले तिघं एकाच घरातले, शहरातले, वेळेवर येणारे, मिळेल ते खाणारे. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आणि माझ्या धंद्यात याहून मोठी स्तुती नाही. मी धरून सात जण आणि तिथला वाटाड्या-चालक आठवा. तिथल्या बसमध्ये जागाच तेवढ्या होत्या.

निघायच्या आधी मी बैठक घेतली. हा उजेड दिसायला तीन गोष्टी लागतात: अंधार, निरभ्र आकाश आणि सूर्याची मर्जी. जानेवारीच्या सुरुवातीला तिथं सूर्य क्षितिजावर येतच नाही, त्यामुळे अंधाराची हमी मी देते. बाकी दोन माझ्या हातात नाहीत. वाटाड्या दुपारी ढगांचा नकाशा बघतो, आभाळ कुठं मोकळं होईल याचा अंदाज बांधतो आणि आपल्याला तिकडं नेतो. कधी शंभर किलोमीटर, कधी त्याच्या दुप्पट. हातात चार रात्री. चारही कोरड्या जाऊ शकतात. समजलं का?

सगळ्यांनी माना हलवल्या.

“समजलं की,” अण्णा म्हणाले. “पण एवढ्या लांब जायचं म्हटल्यावर दिसणारच ना? गॅरंटी आहे ना?”

मी पाणी प्यायले आणि कपड्यांवर आले. सांगितलं, तिथं वरून घालायला जाड सूट मिळतो, पण अंगाला लागून लोकरीचेच कपडे हवेत. कॉटन अजिबात चालणार नाही.

अण्णा खुर्चीत ताठ झाले. “काय बोलताय, मॅडम? कॉटन चालणार नाही?”

“तिथं नाही चालत, अण्णा. कॉटन घाम पितं आणि धरून ठेवतं. अंगाला ओलं कापड आणि बाहेर उणे वीस. माणूस गारठतो.”

“पितंच की. प्यायलाच पाहिजे. आमचा टॉवेल बघा, एका पुसण्यात अंग कोरडं.”

“तेच सांगतेय मी. तुमचा टॉवेल इथं जितका चांगला, तितका तिथं वाईट.”

यातला पहिला अर्धा भाग त्यांनी ऐकला. चेहरा खुलला. घरी जाऊन लोकरीचे कपडे आणतो म्हणाले, आणि आणलेही. मी बॅग जोखायला गेले तेव्हा ते घडीतले नवेकोरे कपडे मी डोळ्यांनी बघितले. बॅगेत तीन चादरीही होत्या. दोन काढायला लावल्या. तिसरी वाटाड्याला भेट द्यायचीय म्हणून त्यांनी हट्टानं ठेवली. टॉवेल मात्र मला दिसला नाही, कारण तो बॅगेत नव्हताच. तो अंगावर जाणार होता, हे माझ्या काट्याला कुठून कळणार?

नॉर्वेच्या उत्तरेला ट्रॉम्सो शहरात पोचलो. दुपारी दोनला संध्याकाळ आणि चारला काळोख. नाना सोडून सगळ्यांची गणितं बिघडली. नानांना काही फरक पडला नाही. त्यांच्याकडं शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या पाळीत विजेरी घेऊन उसाला पाणी द्यायला उभं राहण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. बर्फात ते असे उभे राहिले, जणू बांधावरच आहेत.

पहिल्या रात्री ढग. वाटाड्या, लार्स नावाचा शांत, उंच माणूस, तीन ठिकाणी घेऊन गेला. तिन्ही ठिकाणी काळं आभाळ.

“ताई,” नाना म्हणाले, “आमच्याकडची लाइट बी अशीच. आली आली म्हंत्यात, आन् बटन दाबलं की न्हाई. माणसानं मोटरीजवळ बसून ऱ्हायचं.”

“चिडचिड होत नाही का, नाना?”

“हुती की. लई हुती. पर कुनावर चिडायचं? वरच्या सायबाला फोन लावला तर त्यो बी म्हंतो, वरनंच न्हाई.”

दुसऱ्या रात्री नशीब उघडलं. लार्सनं दीडशे किलोमीटर आत, एका गोठलेल्या तळ्याकाठी नेलं. बसमधून उतरलो तर चांदण्याच चांदण्या. लार्स म्हणाला, सूर्याकडचे आजचे आकडे चांगले आहेत, थांबायचं, आज होईल. पद्मावहिनींनी तळ्याकडे तोंड करून बसमधली घडीची खुर्ची लावली आणि दोन्ही हात मांडीत घेऊन बसल्या. जागा सोडायची नाही, हे त्यांच्या पाठीवरूनच दिसत होतं.

अण्णांना मात्र बसवेना. तीस माणसं हाताखाली असलेला माणूस रिकामा बसू शकत नाही. लार्स शेकोटीसाठी लाकडं आणत होता. अण्णा म्हणाले, “त्याला एकट्याला कशाला?” आणि निघाले. त्या फुगीर सुटात, गुडघाभर बर्फातून, ओंडके उचलून पाच-सहा खेपा. मी दोनदा ओरडले, “अण्णा, घाम येऊ देऊ नका.” तिकडून उत्तर आलं, “घाम आला तर चांगलंच की, ऊब येते.”

मग ते येऊन बसले. थोडा वेळ कारखान्याबद्दल बोलले. मग बोलणं तुटक झालं. मग थांबलं. अण्णा बोलायचे थांबले, तेव्हाच मी लार्सला हाक मारली. हा माणूस विमानात झोपेतसुद्धा बोलत होता.

ओठ निळे, दात वाजताहेत, हातातला कप धरवत नाही. आम्ही त्यांना बसमध्ये घेतलं, हीटर पूर्ण सोडला आणि लार्सनं त्यांच्या सुटाची चेन उघडली. आतून वाफ निघाली. लोकरीचे नवेकोरे कपडे होते, अगदी मी बघितले तेच. पण त्यांच्या आत, अंगाला लागून, दोन कॉटनच्या बंड्या. आणि बंड्यांच्या आत पोटाला घट्ट गुंडाळलेला, निळ्या काठाचा, घरच्या मागावरचा टॉवेल. पिळला असता तर तांब्याभर पाणी निघालं असतं. इतका चांगला माल.

लार्सनं तो टॉवेल दोन बोटांत उचलून माझ्यापुढे धरला आणि फक्त एवढंच विचारलं, “का?”

अक्कलकोट रोडचा सगळा इतिहास त्याला इंग्रजीत कसा सांगू?

तो म्हणाला, परत फिरावं लागेल. एक बस, एक वाटाड्या. एका माणसाला असं झालं की सगळ्यांनी परतायचं, हा नियम. मी तो बैठकीत सांगितला होता. तेव्हाही सगळ्यांनी माना हलवल्या होत्या.

पद्मावहिनी तळ्याकाठची खुर्ची घडी करून स्वतः घेऊन आल्या. अण्णांच्या गळ्याभोवती स्वतःची शाल बांधली, चहा पाजला आणि त्यांच्या घरच्या भाषेत, तेलुगूत, एकच वाक्य बोलल्या. मला तेलुगू येत नाही. वाक्य कळलं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला शेजारच्या टेबलावर दुसऱ्या एका गटाची माणसं एकमेकांना फोटो दाखवत होती. तेच तळं. आम्ही निघाल्यावर अर्ध्या तासात आकाश काठोकाठ हिरवं झालं होतं. त्यातली एक बाई प्रेमानं आमच्याकडेही मोबाईल घेऊन आली. पद्मावहिनींनी बघितला, छान म्हणाल्या आणि पावाला लोणी लावत राहिल्या. अण्णांचा घास तोंडातच होता. मला त्या बाईचा मोबाईल कॉफीत बुडवावासा वाटला.

तिसऱ्या रात्री पुन्हा ढग. एकदा फट पडली तेव्हा डोंगराच्या वर राखाडी पट्टा दिसला, धुरासारखा. लार्सनं कॅमेरा लावून फोटो काढला तर त्यात तो हिरवा आला. कॅमेरा काही सेकंद उजेड साठवतो, त्यामुळे डोळ्याला न दिसणारा रंग त्यात येतो. माझ्या जिवात जीव आला. कागदोपत्री दिसलं म्हणायला हरकत नव्हती. खूप आयोजक तेवढ्यावर सुटतात.

“दिसलं बघा, वहिनी,” मी म्हटलं.

वहिनींनी कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं, मग डोंगराकडे. “मॅडम, हे त्या कॅमेऱ्यानं बघितलं. मी नाही बघितलं.”

बरोबरच होतं.

चौथ्या दिवशी दुपारी लार्सनं निरोप दिला: किनाऱ्यावर दिवसभर बर्फ पडणार, शहरात काहीही दिसणार नाही. फिनलंडच्या हद्दीकडे संधी आहे. लांबचा पल्ला आहे, थंडी फार आहे. सगळे कपडे चढवून हॉटेलच्या दारात जमले. अण्णा नव्हते. ते साध्या स्वेटरमध्ये खाली आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, मी राहतो.”

“आता काय झालं?”

“काही नाही झालं. छाती अजून जड वाटते. परत माझ्यामुळं बस फिरली तर तोंड दाखवायला जागा नाही. तुम्ही तिला घेऊन जावा. मी इथं टीव्ही बघतो.”

मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “राहू देत त्यांना,” आणि बसमध्ये चढल्या. पण बस सुटताना त्यांनी काच पुसून मागं बघितलं, हे मी लिहून ठेवलंच पाहिजे.

आम्ही दोनशे किलोमीटर गेलो. तिथं गोठलेलं धुकं बसलं होतं, हात लांब केला तर पंजा दिसेना. लार्सनं आणखी पुढे नेलं, मागे आणलं, एका टेकडीवर चढवलं. धुकं आमच्याबरोबर येत होतं. रात्री एक वाजता त्यानं बस थांबवली, टोपी काढली आणि माफी मागितली. त्याचा काही दोष नव्हता. नाना म्हणाले, “सांगा त्येला, तुज्याकडनं काय बी कमी पडलं न्हाई. लाइनच न्हाई तर वायरमन काय करंल?” मी ते जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. पहिल्यांदाच लार्स हसला.

वहिनी परतीच्या वाटेवर रडल्या नाहीत, बोलल्या नाहीत. त्या मला दोष देतील याची मी वाट बघत होते. भांडणाऱ्या गिऱ्हाइकाचं मला काही वाटत नाही. त्याची सवय आहे. न भांडणाऱ्याचं काय करायचं, ते अजून शिकायचंय.

खोलीत अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपले होते, असं वहिनींनी नंतर सांगितलं.

सकाळी हिशेब मिटवायला मी काउंटरवर गेले. तिथली मुलगी आनंदानं फुलली होती. म्हणाली, काल संध्याकाळी किती छान झालं, नाही? बर्फ अचानक थांबला, आभाळ मोकळं झालं, आणि हॉटेलच्या मागे, जिथं कचऱ्याचे डबे ठेवतात तिथं, डोक्यावर थेट. इतक्या वर्षांत शहरात असं कमीच बघितलंय. मी सगळ्या खोल्यांना फोन केले, पण तुमचे एकच पाहुणे होते. आणि तिनं फोटो पुढे केला.

आकाशभर हिरव्या घड्या, कडेला जांभळी किनार. खाली कचऱ्याचे दोन डबे. डब्यांच्या मधोमध पाठमोरा एक माणूस, डोक्यावरून पायापर्यंत चादर गुंडाळलेला. चादरीवर मोर.

माझ्या मागे वहिनी कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. चेहरा दिसण्याची गरजच नव्हती. तो मोर त्यांच्या मागावरचा होता.

“अहो,” त्यांनी हाक मारली, या वेळी मराठीत, म्हणजे मलाही ऐकवायचं होतं. अण्णा बॅगा ओढत येत होते. फोटो बघून ते जागच्या जागी थांबले.

“मला फोन का नाही केला?”

“केला असता तर काय झालं असतं? तू तिकडं, हे हिकडं. तिथंच बसून रडली असतीस.”

“सकाळी तरी सांगायचं.”

“सांगण्यासारखं काही नव्हतं गं. उगीच लोक बोलतात. फिका होता रंग. विशेष काही नाही.”

वहिनी माझ्याकडे वळल्या. “मॅडम, या मुलीला विचारा, हे किती वेळ उभे होते.”

मी विचारलं. मुलगी म्हणाली, शेवटपर्यंत. पाऊण तास असेल. आत या म्हटलं तर ऐकलं नाही.

“फिक्या रंगाचा माल आला तर हे उभ्या उभ्या परत पाठवतात,” वहिनी म्हणाल्या. “पाऊण तास बघत बसत नाहीत.”

अण्णा बॅगेचा दांडा वर-खाली करत राहिले. विमानतळाची गाडी दारात लागली होती आणि मी घड्याळाकडे बघत होते, कारण ते माझं काम आहे. वहिनींनी हळूच विचारलं,

“आवाज?”

“नव्हता,” अण्णा म्हणाले. “अजिबात नाही. मी सारखा कान देत होतो, कुठला माग बंद पडला म्हणून.”

त्यानंतर विमानतळापर्यंत दोघं शेजारी बसले होते. बोलले नाहीत. पण हे न बोलणं तळ्याकाठच्या त्या रात्रीपासूनचं नव्हतं, एवढं मला कळतं.

गेल्या महिन्यात दोघं ऑफिसात आले. येत्या जानेवारीच्या गटात नावं घाला म्हणाले. अण्णांनी सदऱ्याची कॉलर बाजूला करून आतली लोकरीची बंडी मला दाखवली. सोलापुरात, ऑक्टोबरच्या उन्हात. सवय करतोय म्हणाले. कपाळावरून घाम गळत होता आणि पुसायला खांद्यावर टॉवेल होता.

“आणि मॅडम, मी हॉटेलवरच राहणार. बस माझ्यामुळं फिरायला नको.”

“तुम्ही कशाला राहताय?” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही बसमधून जावा. हॉटेलवर मी राहणार. त्या डब्यांजवळ खुर्ची टाकून बसते, चारही रात्री.”

मी डोक्याला हात लावला. त्यांना समजावलं की तसं नसतं. शहरात तो उजेड दिसणं हा योगायोग होता, दिव्यांमुळं तिथं एरवी कमीच दिसतं. लार्स नेईल तिथंच संधी जास्त. एकदा दिसलं म्हणून पुन्हा तिथंच दिसत नाही. शेवटी आवाज चढवून म्हटलं, “वहिनी, त्या डब्यांजवळसुद्धा गॅरंटी नाही!”

त्यांनी पर्स बंद केली आणि उठल्या.

“तुमच्याकडं गॅरंटी कुणी मागितली, मॅडम? खुर्ची मिळंल का, तेवढं विचारून ठेवा.”